जुनं एचएमटी घ्यायचंय. 'रिस्टोअर्ड', 'ओरिजिनल' की सरळ नक्कल? विक्रेता कसा धरावा?

अमेय_चिंचवड:

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

चावीचं घड्याळ घ्यायचं डोक्यात बसलंय. सेलचं नको. स्मार्टवॉच ऑफिसने दिलंय, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. शोधता शोधता एका लिलावाच्या साइटवर मुंबईच्या विक्रेत्याकडे 'एचएमटी पायलट मिलिटरी' दिसलं. नारिंगी तबकडी, बारा आकड्याखाली सैन्यदलाचं असावं असं एक चिन्ह, काटे लखलखीत. वर्णनात 'न्यू ओल्ड स्टॉक', 'फुल्ली सर्व्हिस्ड', '१०० टक्के ओरिजिनल मशीन' असं बरंच काही लिहिलंय. किंमत चौदाशे. त्याच्याकडे हेच घड्याळ निळ्या, पोपटी आणि किरमिजी रंगातही आहे, त्यामुळे रंग कोणता घ्यावा हाही एक प्रश्न.

ऑफिसातला मित्र म्हणतो, जुन्याच्या भानगडीत कशाला पडतोस, चार हजारांत स्विस घड्याळाची 'फर्स्ट कॉपी' मिळते, आपला माणूस आहे.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला विक्रेता धरावा, त्याला काय विचारावं, जरा सांगा.

घड्याळभुंगा:

रंग कोणता घ्यावा? यातला एकही नको. :)

पायलटची ओळखच काळी तबकडी. नारिंगी, पोपटी, किरमिजी पायलट जुन्या स्टॉकमध्ये कुठून येणार? या तबकड्या मुंबईत रंगवल्या जातात आणि त्यावर नाव नव्याने छापलं जातं. चिन्हाचंही तेच. कुणी सैन्याचं छापतो, कुणी रेल्वेचं, कुणी गणपती. मागणी तसा पुरवठा.

आता आत काय असतं ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. आत बहुतेक वेळा खरंच एचएमटीचं मशीन असतं. ०२३१ नंबरचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांना आधार देणारे बारीक खडे), हाताने चावी द्यायचं. हेच मशीन कंपनीने 'जनता' या मॉडेलमध्येही बसवलं आणि पायलटमध्येही. त्यामुळे कुठल्या तरी मोडक्या जनताचं मशीन, दुसऱ्याची केस (बाहेरचं धातूचं कवच), तिसऱ्याचे काटे आणि ताजी छापलेली तबकडी एवढं जुळवलं की झालं 'पायलट'. '१०० टक्के ओरिजिनल मशीन' हे वाक्य म्हणूनच खोटं नसतं. तो मशीनबद्दल बोलतोय, घड्याळाबद्दल चकार शब्द काढत नाहीये. एवढं एक वाक्य नीट वाचता आलं तरी निम्मं काम झालं.

आणि 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणजे दुकानात पडून राहिलेलं, कधी मनगटावर न चढलेलं घड्याळ. त्याचे चार रंग आणि प्रत्येकी दहा-दहा नग एका माणसाकडे कसे असतील?

नागपुरी_तर्री:

पण भाऊ, वाईट काय आहे त्यात? चौदाशेत चावीचं घड्याळ, टिकटिक करतंय, नारिंगी रंग झकास दिसतोय. चारचौघात कोणी भिंग घेऊन बसणार हाय का? मी तर घेतो बा. आमच्याकडे उन्हाळ्यात तसंही सगळं नारिंगीच दिसते.

घड्याळभुंगा:

@तर्री, घ्या की. नारिंगी घड्याळ म्हणून चौदाशेला घेतलंत तर माझी काही हरकत नाही. अमेय यांना मात्र 'जुनं एचएमटी' हवंय, आणि जुनं म्हणून पैसे मोजायचे असतील तर काय मिळतंय ते माहीत हवं. शिवाय 'फुल्ली सर्व्हिस्ड' म्हणजे पुष्कळदा मागचं झाकण उघडून पेट्रोलमध्ये खळबळून काढलेलं मशीन. महिनाभर छान चालतं, मग बसतं.

शुभदा_गिरगाव:

माझ्या काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे 'रंगवलेली तबकडी म्हणजे फसवणूक' असं सरसकट ऐकलं की मला बोलावंसं वाटतं.

मुंबईची हवा आणि चार महिने पाऊस. जुन्या घड्याळांना आजच्यासारखी रबरी सील्स कुठली! काचेच्या कडेतून दमट हवा आत जायची, तबकडीवर आधी पिवळसर डाग, मग काळे ठिपके, मग रंग पोपडा धरून सुटायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मशीन उत्तम आहे हो, फक्त चेहरा सुधारून द्या. नवीन तबकडी मिळायची नाही, विशेषतः स्विस घड्याळांची, कारण आयातीवर निर्बंध होते. मग काका तबकडी सोडवून रंगवायला पाठवायचे. मी लहानपणी ते काम पाहिलंय. जुना रंग रसायनात उतरवायचा, पितळ उघडं पडलं की घासून एकसारखं करायचं, वर चंदेरी किंवा पांढऱ्या रंगाचा फवारा. छपाईची एक कोरलेली पट्टी असते. तिच्यावर शाई पसरून पुसायची, खाचांत उरलेली शाई एका मऊ, फुगीर गोळ्यावर उचलायची आणि तो गोळा तबकडीवर अलगद दाबायचा. नाव, मिनिटांच्या रेघा, सगळं त्या एका दाबात उमटतं. हात हलला तर पुसून पहिल्यापासून. तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. त्यातला एक तुटला की तबकडी चिकटवावी लागते आणि मग ती कायम केसभर तिरकी बसते.

ही सेवा होती, गिऱ्हाईक मागून घ्यायचं, आणि घड्याळ परत त्याच्याच मनगटावर जायचं. तोच कारागीर आज नारिंगी पायलट छापतो, कारण ऑर्डर तशी येते. गडबड सुरू होते ती विकणारा 'रीप्रिंट' हा शब्द गिळतो तिथे.

घड्याळभुंगा:

शुभदाताई, सुंदर प्रतिसाद. गोळ्याचं माहीत नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जर्सीकर:

इथे अमेरिकेत संग्राहकांमध्ये या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. भारतातून येणारं कुठलंही जुनं स्विस घड्याळ म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात. फेवरलुबा, वेस्ट एंडची सोवार प्रायमा, कॅमी, हेन्री सँडोझ ही घड्याळं आपल्याकडे धो धो खपली, त्यामुळे मोडकी मशीनंही भरपूर, आणि त्यांच्यावर भडक तबकड्या चढवून ती जगभर विकली जातात. एका ओळखीच्याने मागवलेल्या 'फेवरलुबा ऑटोमॅटिक'च्या मागचं झाकण इथल्या घड्याळजीने उघडलं तर आत हाताने चावी द्यायचं एचएमटी! चालत मात्र होतं ठणठणीत.

वाईट याचं वाटतं की मुंबईतल्याच एखाद्या प्रामाणिक माणसाने अस्सल, न रंगवलेलं सोवार प्रायमा विकायला काढलं तरी त्याला अर्धाच भाव मिळतो.

अमेय_चिंचवड:

बाप रे. म्हणजे मी थोडक्यात वाचलो. पण मग ओळखायचं कसं? आता सगळीच घड्याळं खोटी दिसायला लागली आहेत.

घड्याळभुंगा:

ती पायरी सगळ्यांना लागते, ओसरते. जरा बैजवार लिहितो.

आधी फोटो मोठा करा आणि फक्त अक्षरं पाहा. कारखान्याची छपाई बारीक, कडा कातरलेल्या, शाई सगळीकडे सारखी. रीप्रिंटमध्ये अक्षरं फुगतात. 'आर' आणि 'ए'ची पोटं शाईने बुजतात, 'पॅराशॉक' शब्दातली अक्षरं एकमेकांना टेकतात. ('पॅराशॉक' म्हणजे धक्का शोषायची रचना. मूळची जपानच्या सिटिझन कंपनीची. एचएमटीने १९६१ साली घड्याळं काढली ती सिटिझनच्या सहकार्यानेच.) मग मिनिटांच्या रेघा. तासांच्या धातूच्या खुणा तबकडीवर वेगळ्या बसवलेल्या असतील तर त्यांचा मध्य आणि छापलेली रेघ बरोबर एकमेकांसमोर यायला हवी. रीप्रिंटमध्ये एक-दोन ठिकाणी तरी रेघ हुकतेच. तारखेची खिडकी असेल तर तिची कड पाहा, रंग आत ओघळलेला असतो.

काटे. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलं पाहिजे. अलीकडेच संपत असेल तर काटा दुसऱ्या घड्याळाचा आहे. तीन काटे तीन तऱ्हांचे असतील तर बोलायलाच नको.

आता मला सर्वांत आवडणारी खूण. जुन्या स्विस घड्याळांवर सहाच्या खाली 'टी स्विस मेड टी' असं बारीक लिहिलेलं असतं. ते टी म्हणजे ट्रिशियम, अंधारात चमकणाऱ्या रंगात घातलेलं किरणोत्सारी द्रव्य. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळात त्याचा सोळावा हिस्सासुद्धा शिल्लक नाही, रंगही पिवळा-तपकिरी पडलेला असायचा. विक्रेता अंधारातला फोटो टाकून 'बघा कसं हिरवंगार चमकतंय' म्हणत असेल तर तो रंग परवा भरलेला आहे. पुष्कळदा तर ज्या मॉडेलवर चमकणारा रंग कधी नव्हताच त्यावरही हे दोन टी छापलेले सापडतात, कारण छापणाऱ्याकडे पट्टी तीच!

त्याहून जुनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली रेडियमची घड्याळं असतात. ती चमकत नसली तरी रेडियम आत तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. हौसेने झाकण उघडून तबकडी खरवडत बसू नका. ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये.

केस. जनता, पायलट यांची केस साध्या धातूची, वर क्रोमचा मुलामा. मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असतं ते शब्दशः घ्या, फक्त पाठ स्टीलची. खऱ्या वापरलेल्या घड्याळात पट्टा जोडतो त्या शिंगांच्या आतल्या बाजूला मुलामा उडून पितळ दिसतं. मागची कोरीव अक्षरं घासून गेलेली आणि तबकडी मात्र काल जन्मलेली, अशी जोडी दिसली की समजा.

शेवटी मशीन. झाकण उघडलेला फोटो मागायचाच. ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर, एचएमटीचं नाव आणि नंबर असतो. तबकडीवर २१ ज्वेल आणि मशीनवर १७, किंवा तबकडीवर 'ऑटोमॅटिक' आणि आत फिरणारं अर्धचंद्राकृती वजनच नाही, असले प्रकार सर्रास. ०२३१ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. मोबाइलवर ठोके मोजायची फुकट अॅप्स आहेत. व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला घड्याळ माइकजवळ धरायला सांगा, लय अडखळत असेल तर कानालाही कळतं.

मालवणीमाणूस:

अवांतर: कोकणात जुना घड्याळ ठेवूचा असात तर सिलिका जेलची पुडी डब्यात टाका नि महिन्यान् महिन्याला बदला. नायतर ओरिजिनल तबकडीपण आपोआप 'कोकण स्पेशल' होता.

बंड्या_पेण:

एवढा अभ्यास करण्यापेक्षा फर्स्ट कॉपीच बरी की! मी वापरतो, स्विसची. लोक विचारतात, केवढ्याला घेतलं. विकणारे पण आता प्रोफेशनल झालेत, पाठवण्याआधी फोटो पाठवतात, 'सेव्हन ए', 'सुपर क्लोन' अशा ग्रेड असतात. अमेयने चांगला डीलर शोधावा एवढंच.

काळा_कोट:

@बंड्या, ग्रेड ठरवतं कोण? विकणाराच. 'सेव्हन ए' हे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र नाही. उद्या तो 'नाइन ए' म्हणेल.

कायद्याचं थोडक्यात: ट्रेडमार्क कायदा, १९९९, कलम १०३ आणि १०४. खोटी मुद्रा वापरणाऱ्याला आणि तसला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. ही कलमं बनवणाऱ्या-विकणाऱ्यासाठी आहेत, स्वतःच्या मनगटासाठी एक नग घेणाऱ्याच्या मागे पोलीस लागत नाहीत, हे खरं. पण परिणाम तुम्हालाही भोगावा लागतो. ज्याचा धंदाच बेकायदा आहे तो बिल देत नाही, पत्ता देत नाही, धाड पडली की नंबर बदलतो. असल्या माणसात 'चांगला डीलर' निवडायचा म्हणजे नेमकं काय निवडायचं? घड्याळ आठवड्यात बंद पडलं तर ग्राहक आयोगासमोर काय सांगणार, खोटं घड्याळ खोटं निघालं?

आणि रंगवलेल्या एचएमटीवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. दुसऱ्याचं नाव नव्याने छापून माल 'अस्सल' म्हणून विकला तर याच कायद्याच्या कक्षेत येतो.

बंड्या_पेण:

गंमत केली हो. तुम्ही वकील लोक लगेच कलमं काढता.

घड्याळभुंगा:

कायदा बाजूला ठेवला तरी, फर्स्ट कॉपी बंद पडली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही आणि गल्लीतल्या घड्याळजीकडे पार्ट नसतो. म्हणजे कचरा. चौदाशेचं भेसळीचं एचएमटी निदान पुन्हा दुरुस्त होतं.

सदाशिवपेठी:

मूळ प्रश्न विक्रेता कसा निवडावा हा आहे. धागा भरकटवू नये, ही विनंती.

माझा नियम साधा: एकच प्रश्न, लेखी विचारावा. 'तबकडी कारखान्याची आहे की पुन्हा छापलेली?' आणि उत्तराची भाषा पाहावी. सरळ विक्रेता एका ओळीत सांगतो, रीप्रिंट आहे किंवा मूळ आहे, डाग आहेत. वाकडा माणूस 'साहेब मशीन ओरिजिनल आहे', 'रनिंग कंडिशन', 'तुम्ही घेऊन तर बघा' या तीन वाक्यांत फिरत राहतो. 'रिस्टोअर्ड' म्हणाला तर काय काय बदललं ते विचारावं. यादी देता येत नसेल त्याने काही रिस्टोअर केलेलं नाही.

दुसरं, एक घड्याळ पाहू नये, विक्रेत्याचं संपूर्ण दुकान पाहावं. पन्नास घड्याळांत एकाही तबकडीवर डाग नाही, हे अशक्य आहे. ज्याच्याकडे पिवळी पडलेली, ओरखडे आलेली, काच तडकलेलीही घड्याळं त्याच वर्णनासह विकायला आहेत तो माणूस बरा.

तिसरं, पैसे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'बुकिंगला पाचशे टाका, तीन जण लाइनमध्ये आहेत' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. घड्याळ हातात धरून, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून, चावी देतानाचा व्हिडिओ मागावा. पाठवत नसेल तर घड्याळ त्याच्याकडे नाही, फोटो दुसऱ्याचे आहेत. साइटवरून घेतलंत तर परतीची मुदत आधी वाचा, आणि पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ करा, चिकटपट्टी कापण्यापासून. फसवून पैसे उकळलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, ताबडतोब फोन, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मालाची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पुण्यात राहून लिलावाच्या साइटी कशाला धुंडाळता? बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. घेण्यासाठी नाही, बघण्यासाठी. भिंग खिशात ठेवा. हातात धरून घड्याळं पाहिली की फोटोतली लबाडी आपोआप दिसायला लागते. तिथेही रंगवलेला माल ढिगाने आहे, पण निदान कानाला लावून ऐकता येतं, चावीला हात लावता येतो.

नागपुरी_तर्री:

पुणेकरांनी एक प्रश्न लेखी विचारायला सांगितला, दुपारी एक ते चारमध्ये विचारू नये हे राहिलं का?

सदाशिवपेठी:

अपेक्षित प्रतिसाद. धन्यवाद.

रोखठोक:

मला एक कळत नाही. एचएमटी म्हणजे सरकारी कारखान्याचं साधं घड्याळ. १९८७ मध्ये टायटनची दुकानं आली आणि क्वार्ट्झपुढे लोकांनी स्वतःच हे काढून माळ्यावर टाकलं. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायला मंजुरी दिली तेव्हा अचानक सगळ्यांना उमाळे आले. त्याआधी कुणी दुकानात ढुंकून बघत नव्हतं. तुम्हीच भाव चढवलेत आणि तुमच्याचमुळे नारिंगी पायलट जन्माला आली.

जर्सीकर:

कडवट आहे, पण बरोबर आहे. कारखाना बंद होणार अशी बातमी फुटल्यावर इथले लोकही नातेवाइकांना सांगून घड्याळं मागवत होते. अस्सल माल संपला, मागणी राहिली, ती भागवायला मुंबईचे कारागीर होतेच.

शुभदा_गिरगाव:

रोखठोक, भाव चढला म्हणून माळ्यावरची घड्याळं खाली आली आणि दुरुस्त झाली हेही धरा ना. नाहीतर भंगारात गेली असती. आमच्या काकांकडे शेवटच्या काळात जी थोडी कामं यायची ती याच वेडापायी.

घड्याळभुंगा:

आणि अमेय, एक मार्ग कुणी सांगितलाच नाही. घड्याळं बनवणारी उपकंपनी गेली तरी एचएमटीच्या नावाने घड्याळांची विक्री बंगळुरूहून अजून चालते, ऑनलाइनही. थोडा थोडा माल येतो आणि लगेच संपतो, पण तिथे डोकं चालवावं लागत नाही. बंगळुरूला जाणं झालं तर जलहळ्ळीला त्यांचं संग्रहालय आहे, तिथे जुनी मॉडेल्स मांडलेली आहेत. अस्सल छपाई कशी दिसते ते डोळ्यांत भरून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही.

तुम्हाला देवनागरी तबकडीची 'जनता' भुरळ घालणारच, सगळ्या मराठी माणसांना घालते. ती कंपनीने खरंच काढली होती, आणि म्हणूनच तिची नक्कल सर्वांत जास्त होते. तिथे आकड्यांची वळणं तपासा. नकलेत पाच आणि नऊ हमखास बिघडतात, छापणाऱ्याने कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या टाइपातून उचललेले असतात.

अमेय_चिंचवड:

सर्वांचे आभार. ताजा अहवाल.

नारिंगीवाल्याला सदाशिवपेठींचा प्रश्न जसाच्या तसा पाठवला. उत्तर: 'साहेब मशीन ओरिजिनल. रनिंग कंडिशन.' पुन्हा विचारलं, तबकडीबद्दल विचारतोय. उत्तर: अंगठा.

मग दुसऱ्या एकाला विचारलं, ठाण्याचे आहेत, साध्या जनताची जाहिरात होती. त्यांनी लिहिलं, 'डायल रीप्रिंट आहे. काच नवीन. केस पॉलिश केली आहे. मशीन ०२३१, दोन महिन्यांपूर्वी ऑईलिंग केलं. मूळ डायलचं पाहिजे असेल तर एक आहे, पिवळं पडलंय, चारच्या बाजूला डाग आहे. ते पाचशे जास्त.' मी विचारलं, डागाचं महाग का? तर म्हणाले, 'डाग मी काढू शकतो, परत लावू शकत नाही.'

मशीनचा फोटोही न मागता पाठवला. चावी देतानाचा व्हिडिओ उद्या पाठवतो म्हणाले. डागवालं घ्यावं का?

घड्याळभुंगा:

या माणसाचा नंबर जपून ठेवा. घड्याळ घेतलं नाहीत तरी.

सदाशिवपेठी:

डागवालं घ्या. पाचशेपैकी दोनशे कमी करून मागा, तीनशेवर येईल. व्हिडिओ आल्याशिवाय पैसे पाठवू नका, माणूस कितीही गोड बोलला तरी.

काळा_कोट:

'मूळ तबकडी' हे त्यांच्याकडून मेसेजमध्ये लिहून घेतलंत ते उत्तम. पुसू नका. जमलं तर साधं पावतीसारखं काहीतरी मागा.

नागपुरी_तर्री:

हे पिवळं पडलेलं महाग नि नारिंगी केलेलं स्वस्त. आमच्या संत्र्यांचं उलटं असते बा.

अमेय_चिंचवड:

:) व्हिडिओ आला की टाकतो. आल्यावर आधी काय करू? पट्टा कुठल्या मापाचा लागेल?

शुभदा_गिरगाव:

शिंगांमधलं अंतर पट्टीने मोजून मगच पट्टा घ्या, बहुतेक १८ मिलिमीटर निघेल. चामड्याचा घ्या, धातूचा जड पट्टा त्या शिंगांचा उरलासुरला मुलामा खरवडतो.

चावी रोज सकाळी, घड्याळ मनगटावरून काढून द्या. हातात असताना दिली की चावीची दांडी तिरकी ओढली जाते. शेवटी घट्ट लागतं तिथे थांबा, पुढे रेटू नका. हात धुताना काढून ठेवा, त्याला पाणी अजिबात चालत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या वयस्कर घड्याळजीकडे नेऊन दाखवा. दुकानात बसून डोळ्याला भिंग लावून काम करणारा बघा, सेल बदलून देणारा नको. 'ऑईलिंग झालंय' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास आहे, पण बघून घेतलेलं बरं.

बंड्या_पेण:

वडिलांचं एक फेवरलुबा कपाटात आहे, तबकडी एकदम नवीकोरी दिसते. फोटो टाकू का इथेच?

सदाशिवपेठी:

नवीन धागा काढा.

घड्याळभुंगा:

काढा, पण मागचं झाकण उघडूनच फोटो टाका. आणि कपाटात ठेवण्याआधी, साठ-सत्तर सालच्या सुमाराला कुणी दुरुस्तीला दिलं होतं का ते घरात आईला विचारा. त्यांना आठवत असेल.